जलपरीचं डोकं खरं की नवं?

प्रश्न : काका, मुलगा नोकरीनिमित्त कोपनहेगनला आहे. त्यानं तिथल्या जलपरीच्या पुतळ्याजवळचा फोटो पाठवला. एवढं नाव ऐकलेलं, आणि आहे शाळकरी पोरीएवढी! तिचं डोकं दोनदा कापलं होतं म्हणे. मग आत्ताचं मूळ आहे का? आणि आपल्या रंकाळ्यावर असं काही का नको?
— एक वाचक, रंकाळा वेस, कोल्हापूर

उत्तर : मूळ नाही, ताई. 1964 मध्ये कापून नेलेलं डोकं सापडलंच नाही. मूळ साच्यावरून नवं ओतून बसवलं. 1998 मध्ये तेही कापलं, पण कुणीतरी गुपचूप आणून ठेवलं, म्हणून परत जोडता आलं. मधे 1984 साली एक हातही गेला होता, तोही परत मिळाला.

संगमरवराचं नाक उडालं की उडालं. ब्राँझचं तसं नाही. मूर्ती आतून पोकळ असते. कडा जुळवायच्या, वेल्डिंग मारायचं, सांधा छिन्नी-कानशीनं घासून एकजीव करायचा. जीव खातो तो रंग. नवा धातू लखलखतो, जुना हिरवट-काळा पडलेला. रसायन लावून, आच देऊन तो मेळ बसेपर्यंत जोड डोळ्यात खुपतो.

उंची सव्वा मीटर, वजन 175 किलो. दसरा चौकात शाहू महाराजांकडे मान वर करून बघायची आपल्याला सवय, म्हणून ती लहान वाटते. पण डेन्मार्कचा परीकथाकार अँडरसन, त्याच्या 1837 च्या कथेतली ही पोर राजपुत्रासाठी आवाज देऊन पाय घेते, आणि प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखं सोसते. तिला कसला चौथरा? शिल्पकार एडवर्ड एरिकसेननं तिला काठावरच्या दगडावर बसवलं, ते मला पटतं. मुलाला पायांचा जवळून फोटो काढायला सांगा. मांड्या, गुडघे बाईचे, आणि खाली माशाचे पर. कथेतला बदल तिथंच दाखवलाय.

कार्ल्सबर्ग बिअरवाल्या कार्ल याकोबसेननं 1909 मध्ये या कथेवरचा बॅले बघून पुतळा सांगितला, 1913 मध्ये तो बसला. बॅलेतली नर्तकी विवस्त्र बसायला तयार नव्हती, मग शरीरासाठी शिल्पकाराची बायकोच बसली. (घरच्यांना कामाला लावायची आम्हा शिल्पकारांची खोड जुनीच!)

रंकाळ्यावर जरूर बसवू. कोण खर्च करत असेल तर मी तयार आहे. साचा मात्र माझ्याच घरी राहील.