बाबांच्या मणक्याचं हाड जाड झालंय, म्हणजे नक्की काय?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. कंबर दुखते म्हणून एक्स-रे काढला तर कमरेतला एक मणका जाड आणि पांढरा दिसला, रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज बरंच वाढलेलं पण कॅल्शियम नॉर्मल, मग बोन स्कॅन झाला आणि पॅजेट डिसीज असं निदान आलं. हा सगळ्या मणक्यांत पसरेल का? झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन घ्या म्हणतात, ते दरवर्षी लागेल का? कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागणार नाही का?

उत्तर : आधी मोठी भीती घालवू, हा एका हाडातून दुसऱ्यात पसरत नाही. जी हाडं धरायची ती बहुतेक वेळा सुरुवातीच्या बोन स्कॅनमध्येच दिसून जातात.

आपलं हाड आयुष्यभर थोडं थोडं पाडलं जातं आणि नवं बांधलं जातं. पॅजेटमध्ये पाडणाऱ्या पेशी सुसाट सुटतात, मग त्यांच्यामागे बांधणाऱ्या पेशी पण घाईघाईत कसंही भरत सुटतात, म्हणून हाड दिसायला जाडजूड पण आतली रचना सगळी विस्कटलेली आणि कमजोर. ही भराभर चाललेली बांधणीच अल्कलाइन फॉस्फटेजच्या आकड्यात दिसते. (लिव्हरच्या त्रासातही हा आकडा वाढतो, त्यामुळे ते तपासलंय ना बघा. आणि या वयाच्या पुरुषात मणका पांढरा दिसला की प्रोस्टेटच्या कॅन्सरचाही विचार करावा लागतो, तेव्हा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, झालीय का हे डॉक्टरांना सरळ विचारा.)

आता सलाईन, म्हणजे हाड पाडणाऱ्या पेशींना आवर घालणारं औषध. दरवर्षीचा हिशोब हाडं ठिसूळ होण्याच्या आजारातला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमधला, आणि लोक दोन्हीची सरमिसळ करतात. पॅजेटमध्ये ५ मिलिग्रॅमचा एक डोस बऱ्याच जणांना कित्येक वर्षं पुरतो. नुसत्या कॅल्शियमने हा आजार आवरत नाही, पण म्हणून गोळ्या बंद पण करू नका, कारण व्हिटॅमिन डी कमी असताना सलाईन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं. त्यामुळे आधी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि किडनीची तपासणी, आणि दात काढायचा असेल तर तेही आधीच उरकून घ्या, कारण या औषधाने क्वचित जबड्याचं हाड खराब होतं. सलाईननंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते, घाबरू नका, पॅरासिटामॉलने उतरते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, अल्कलाइन फॉस्फटेजचा आकडा नॉर्मल झाला म्हणजे कंबरदुखी थांबलीच असं नाही. या वयात मणक्यांची झीज असतेच आणि पुष्कळदा खरं दुखणं तिचंच असतं, त्यावर औषध म्हणजे फिजिओथेरपी, चालणं, वजन आटोक्यात ठेवणं. निव्वळ आकडा खाली आणायला परत परत औषध घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. रात्री पडल्या पडल्यासुद्धा एकाच जागी खोल ठणकत असेल तर ते पॅजेटचं असण्याची शक्यता जास्त, आणि सलाईनचा फायदा तिथेच होतो.

मणक्यात असल्यामुळे नसांवर मात्र लक्ष ठेवा. थोडं चाललं की पाय भरून येणं, बसलं की बरं वाटणं, असं व्हायला लागलं तर एमआरआय करून घ्या. पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिर झालं तर त्याच दिवशी, अगदी रात्रीचे २ वाजलेले असले तरी, हॉस्पिटल गाठा.