वाचक विचारतात : बदललेली गाडी आणि विम्याचा दावा

प्रश्न : बाइकला मोठा आवाज करणारा सायलेन्सर, रुंद हँडल आणि फॉग लाइट बसवले होते. माजलगावजवळ रात्री उसाच्या उभ्या ट्रॉलीला धडक झाली. फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) आणि टाकी गेली. 'गाडीत बदल आहेत' म्हणून कंपनीने दावा फेटाळला. आता? – एक वाचक, बीड

उत्तर : आधी फेटाळल्याचं लेखी पत्र मागा, त्यात पॉलिसीचं नेमकं कलम हवं. तोंडी 'नाही'ला किंमत नाही.

सायलेन्सरने फोर्क वाकत नाही, हा तुमचा मुख्य मुद्दा. बदलाचा अपघाताशी संबंध नसेल तर सरसकट नकार टिकणं अवघड. २०१० च्या अमलेंदू साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने पॉलिसीची अट मोडलेली असतानाही दाव्याची काही रक्कम देववली होती. हँडलचं मात्र जपून. ते रुंद असल्याने ताबा सुटला, असं नुकसान तपासणारा सर्व्हेअर लिहू शकतो. म्हणून त्याच्या अहवालाची प्रत घ्या, सोबत पंचनामा आणि ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसल्याचे फोटो जोडा.

फॉग लाइटचे पैसे विसरा. पॉलिसीत जाहीर करून जादा हप्ता भरला नसेल तर ते मिळत नाहीत. प्लास्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापतात, तेही धरून चाला.

कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्कही नाही, वकीलही लागत नाही.

आणि नव्या गाडीला तो सायलेन्सर नको. गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तसंही आडवं येतंच.