इंजिनाला जुना रंग दिला की रेल्वेप्रेमी एवढे का धावतात? इंजिन तर तेच असतं ना?

इंजिन तेच असतं, पण रंगावरून ते कोणत्या कंपनीचं, कोणत्या काळातलं, हे लांबूनच ओळखू यायचं. कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या आणि ती ओळख पुसली गेली. म्हणूनच अमेरिकेच्या नॉरफोक सदर्न या रेल्वे कंपनीने 2012 मध्ये, स्थापनेच्या 30व्या वर्षी, 20 नवी इंजिनं विलीन झालेल्या जुन्या कंपन्यांच्या रंगांत रंगवली. ती रोज मालगाडीला जुंपतात, संग्रहालयात नाही ठेवलेली. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. कोणतं कधी कुठून जाईल सांगता येत नाही, म्हणून लोक रुळांकडेला तासन्‌तास थांबतात.

आपल्याकडे 1930ची डेक्कन क्वीन आठवा: एक रेक (डब्यांचा संच) चंदेरी, दुसरा गडद निळा. कोल्हापूरलाही हक्काचा इतिहास आहे. मिरज-कोल्हापूर लाइन 1891 मध्ये संस्थानाच्या पैशातून झाली, तीही मीटरगेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेली. ब्रॉडगेज, म्हणजे आजची रुंद लाइन, 1971 मध्ये आली. त्या काळाच्या रंगातलं एखादं इंजिन कोयना किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसला लागावं, असं मला मनापासून वाटतं. फोटोसाठी रुकडीजवळचा पंचगंगेचा पूल उत्तम, मात्र रुळांपासून लांब राहूनच काढा.