“ताई, आम्ही इथे नकोसे आहोत का?”

परदेशात नव्याने गेलेल्या मराठी माणसांकडून ही काळजी कुठल्या ना कुठल्या रूपात समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतेच: इथले लोक आम्हाला आपलं मानत नाहीत. एरवी फोन टोरांटोहून नाहीतर मेलबर्नहून असतो. हा आला कॅनडाच्या पार उत्तरेकडून, नुनावुतमधल्या बॅफिन बेटावरच्या एका इन्युइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, गावातून. गावाचं नाव देत नाही आणि तपशीलही थोडे बदललेत. हजार-दीड हजार वस्तीत मराठी जोडपं असून असून किती असणार!

ती आरोग्य केंद्रात नर्स, नवरा शाळेत गणित शिकवतो. नुनावुतमध्ये गावं 25, आणि एकातून दुसऱ्यात जायला रस्ताच नाही. माणसं विमानानं येतात-जातात, जड सामान उन्हाळ्यात बर्फ वितळलं की जहाजानं येतं. बहुतेक गावांत कायमचा डॉक्टर नसतो, त्यामुळे केंद्राचा भार नर्सवरच.

पहिल्या बैठकीत तिचं गाऱ्हाणं संपता संपेना. पेशंटला विचारावं, दुखतंय का, तर तो गप्प. शेजारची पोरं दार न वाजवता आत येतात, सोफ्यावर बसतात आणि न बोलता निघून जातात. दुकानात कुणी भेटलं की पहिला प्रश्न, तुम्ही कधी जाणार? “आल्या आल्या घालवायलाच बघतात हो!” आणि एका आजींचा छातीचा एक्स-रे ठीक आला नाही, म्हणून तिनं त्यांना पुढच्या तपासणीसाठी विमानानं ओटावाला जायला सांगितलं, तर त्यांनी जे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

मी एवढंच विचारलं, पेशंट गप्प असतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय दिसतं? तिला सांगता येईना. प्रश्न विचारताना तिचे डोळे कॉम्प्युटरवर असायचे. पुढच्या बैठकीत हसतच आली. तिथे भुवया वर गेल्या की ‘हो’, नाक आक्रसलं की ‘नाही’. माणसं पहिल्या दिवसापासून उत्तरं देत होती. ओळखीच्या घरी दार वाजवून जायची रीतही तिथे नाही, त्यामुळे पोरं आत येत होती हीच खरं तर तिच्या तक्रारीच्या उलट खूण होती.

‘कधी जाणार’चं उत्तर मात्र इतकं सोपं नव्हतं. तिथे नर्स काही आठवड्यांसाठी येतात, शिक्षक वर्ष-दोन वर्षांत जातात. आपल्याकडे मेळघाटात नाहीतर गडचिरोलीत प्राथमिक आरोग्य केंद्रात नवा डॉक्टर आला की गाव आधी तो किती टिकतो ते बघतं, तसंच हे. शिवाय या दोघांना नोकरीबरोबर क्वार्टर मिळालं, दोन खोल्यांचं, आणि एक खोली रिकामी. शेजारी तेवढ्याच घरात तीन पिढ्या दाटीवाटीनं राहतात. यावर कुणी तिला टोमणा मारला नव्हता. पण हे तिला दिसायला हवं, असं मला वाटलं, म्हणून मी विषय काढला.

आजींबद्दल मी तिला केंद्रातल्या दुभाषी बाईंशी निवांत बोलायला सांगितलं. त्या बाईंनी जे सांगितलं, त्याला इतिहास आहे. 1950 नंतर सी. डी. हाऊ नावाचं सरकारी जहाज या किनाऱ्यांवर यायचं. जहाजावरच एक्स-रे काढायचे, आणि क्षय निघाला तर माणसाला बऱ्याचदा घरी निरोप घ्यायलाही न जाऊ देता दक्षिणेच्या सॅनेटोरियमात, म्हणजे क्षयाच्या इस्पितळात, न्यायचे. 1956च्या सुमाराला दर सात इन्युइटांमागे जवळपास एक जण असा दक्षिणेत होता. कित्येक परत आलेच नाहीत, आणि त्यांना कुठे पुरलं हेही घरच्यांना कळवलं गेलं नाही. तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी याबद्दल नुनावुतच्या राजधानीत, इकालुइटमध्ये येऊन माफी मागितली, तीही 2019 मध्ये. आजींची थोरली बहीण अशीच गेलेली. आता नवी नर्स येते, एक्स-रे दाखवते आणि म्हणते, विमानात बसा! हिचं माहेर क्षयाच्या सॅनेटोरियमसाठी ओळखल्या जाणाऱ्या मिरजेकडचं, सॅनेटोरियम म्हणजे काय हे तिला समजावावं लागलं नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही.

सगळं खापर संस्कृतीवर आणि इतिहासावर फोडूनही चालत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत तिथे सूर्य उगवत नाही. ती पहाटे तीनला जागी व्हायची, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपायची, जेवणावरची वासना उडालेली. मी जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल थेट विचारलं. तसं काही नव्हतं. तरी फिरतीवरच्या डॉक्टरांना दाखवायला लावलं. त्यांच्या सल्ल्यानं सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सचा दिवा, ‘ड’ जीवनसत्त्व आणि उठायची एकच वेळ असं ठरलं. तीन-चार आठवड्यांत रडू कमी झालं. ‘मी नकोशी आहे’ या वाटण्यातला बराचसा भाग झोपेचा होता, असं माझं मत आहे.

नवऱ्याचा उपाय वेगळा होता. त्यानं दिवाळीला अर्ध्या गावाला फराळाला बोलावलं. लोक आले, खाल्लं, फारसं न बोलता गेले, तो हिरमुसला. मी म्हटलं, बोलावणं पुरे, आता बोलावलं तिथे जा. तो शाकाहारी. गावजेवणात हॉलच्या जमिनीवर पुठ्ठे अंथरून गोठलेला कच्चा कॅरिबू, म्हणजे तिथलं रेनडिअर हरीण, आणि मासा मांडतात, बायका उलू नावाच्या अर्धगोल सुरीनं कापून देतात. “मी तिथे काय करू?” बसा, चहा घ्या, बॅनॉक म्हणजे तिथली जाड भाकरी, ती खा, आणि भाषण देऊ नका. तो गेला. बाजूच्या म्हाताऱ्यानं त्याच्या पातळ बुटांकडे बोट दाखवून आख्ख्या रांगेला हसवलं. त्याचा आधी अपमान झाला. मग दुसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्याचा नातू जुने जाड बूट घेऊन दार न वाजवता घरात शिरला.

आजी शेवटी ओटावाला गेल्या, पण भाचीला सोबत नेण्याची परवानगी आणि परतीच्या विमानाची तारीख हातात आल्यावरच. ती व्यवस्था लावायला हिनं बरेच फोन केले. आता दोघांचा करार संपत आलाय. तिला अजून दोन वर्षं राहायचंय, त्याला आणखी एक अंधार नकोय, आणि सध्या आमच्या बैठका त्यावरच चालल्यात.