बीएएमएस, सीएचओची ३ वर्षं आणि ग्लोबल हेल्थचं मास्टर्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीएएमएस झालंय, ३ वर्षं उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहात, आता परदेशात ग्लोबल हेल्थमध्ये मास्टर्स करायचंय. लंडन की जर्मनी? आणि पुढे नोकरीचं काय?

नोकरीचं आधी घेतो. ही पदवी घेऊन तिकडे रुग्ण तपासता येत नाहीत. परत आल्यावर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिनच्या जागेसाठी ती एमडीच्या ऐवजी चालत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीचा हात आखडता घेतला, यूएसएड ही त्यांची मदत संस्था गुंडाळली गेली आणि त्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी माणसं कमी केली. तेव्हा 'मास्टर्स झालं की जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेत नोकरी' हे गणित डोक्यातून काढलेलं बरं. आरोग्याचा डेटा स्वतः हाताळून त्यावर नीट अहवाल लिहू शकणाऱ्याला मात्र इथेही काम मिळतं. म्हणून कोर्सचं नाव काय यापेक्षा त्यात एपिडेमिऑलॉजी (रोगांचा प्रसार आणि कारणं यांचा अभ्यास) आणि स्टॅटिस्टिक्सला किती क्रेडिट्स आहेत आणि थिसिस केवढा आहे, ते बघा.

ब्रिटनमधली एमएस्सी साधारणपणे १८० क्रेडिट्सची असते, एका क्रेडिटला १० तासांचा अभ्यास धरतात आणि सगळं एका वर्षात उरकतं. थिसिसला बहुतेक ठिकाणी उन्हाळ्याचे जेमतेम ३ महिने मिळतात. जानेवारी २०२४ पासून अशा शिकवणीच्या मास्टर्सला जोडीदार किंवा मुलं डिपेंडंट म्हणून नेता येत नाहीत. लग्न झालेलं असेल तर हे घरात आधी बोलून घ्या.

जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठ किंवा बर्लिनचं शारिटे हे वैद्यकीय विद्यापीठ बघा. युरोपातल्या ट्रॉपएड या विद्यापीठांच्या जाळ्यातल्या मास्टर्सची रचना मला जास्त पटते: २० ईसीटीएसचा (ही युरोपातली क्रेडिट्स) पायाभूत कोर्स, २० ईसीटीएसची प्रगत मोड्यूल्स (ती जाळ्यातल्या इतर विद्यापीठांतही घेता येतात) आणि तेवढाच, म्हणजे २० ईसीटीएसचा थिसिस. डीएएडी या जर्मन संस्थेच्या 'ईपॉस' शिष्यवृत्तीला पदवीनंतरचा किमान २ वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी साधारण ६ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. तुम्ही आत्ता दोन्हींत बसता, आणखी ४ वर्षांनी बसणार नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज थेट डीएएडीकडे नाही, कोर्सच्या कार्यालयाकडे जातो. लोक इथे हमखास चुकतात. स्वखर्चाने जाणार असाल तर भारतीय पदवीसाठी एपीएस प्रमाणपत्र (कागदपत्रं खरी असल्याचं) आधी काढावं लागतं. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीलाही २ वर्षांचा अनुभव लागतो, आणि नंतर २ वर्षं मायदेशी राहायची अट आहे.

आता एसओपी, म्हणजे 'हा कोर्स मला का करायचाय' हे अर्जासोबतचं निवेदन. 'लहानपणापासून समाजसेवेची आवड' हे वाक्य निवड समितीने हजारदा वाचलेलं असतं. तुमच्या हातात त्याहून चांगला माल आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (बीपी, मधुमेहासारख्या आजारांचा धोका मोजणारी प्रश्नावली) भरतात, ४ च्या वर गुण आले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं असतं. त्यातले किती प्रत्यक्ष आले, किती जणांचा रक्तदाब जास्त निघाला, किती जण पीएचसीत जाऊन निदान पक्कं करून आले, किती जणांच्या गोळ्या पुढेही चालू राहिल्या आणि किती जणांचा बीपी आटोक्यात आला? प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. कुठल्या पायरीवर जास्त गळतात आणि का, हा एसओपीचा गाभा होऊ शकतो, पुढे थिसिसचाही. फक्त रजिस्टरमधला रुग्णांचा तपशील परवानगीशिवाय फोटो काढून नेऊ नका.

जामखेड आणि गडचिरोलीच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पांची नावं एसओपीत नुसती टाकून काही होत नाही. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा नवजात बालकांच्या घरगुती काळजीवरचा १९९९ चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर नीट वाचा. ३९ गावांत काम केलं, ४७ गावं तुलनेला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, तरी निष्कर्ष का मानला गेला? याचं उत्तर एका पानात लिहिता आलं तर पहिल्या सत्राची निम्मी धास्ती जाईल.

थिसिससाठी 'गावी येऊन मुलाखती घेतो' असा बेत बहुतेकांचा असतो आणि तो बहुधा फसतो. तिकडच्या विद्यापीठाची एथिक्स मंजुरी, शिवाय इथल्या संस्थेच्या एथिक्स समितीची, वर सरकारी केंद्र असेल तर जिल्ह्याची परवानगी. उन्हाळा यातच संपतो. त्यापेक्षा एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९–२१) चा डेटा घ्या. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेने केलेलं, सुमारे ६.३७ लाख घरांचं सर्वेक्षण आहे.

त्यात नवशिक्यांची पहिली चूक वेटची, म्हणजे प्रत्येक नोंदीला द्यायच्या भाराची. नमुना प्रत्येक जिल्ह्याचा अंदाज निघावा असा घेतलेला असल्याने छोट्या राज्यांतली घरं लोकसंख्येच्या मानाने जास्त येतात. वेट न लावता देशाची टक्केवारी काढली तर सिक्कीमचं पारडं उगाच जड होतं आणि उत्तर प्रदेशचं हलकं. स्त्रियांच्या फाइलमध्ये व्ही००५ या रकान्यातलं वेट १० लाखांनी भागून वापरायचं. दुसरी चूक क्लस्टरची (एकाच गावातून किंवा वस्तीतून घेतलेल्या घरांच्या गटाची): सॉफ्टवेअरला व्ही०२१ हा क्लस्टरचा रकाना आणि नमुन्याचे स्तर सांगितले नाहीत, तर कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो त्या मर्यादा) बहुधा खोटे अरुंद येतात आणि नको ते 'सिग्निफिकंट' दिसायला लागतं. तिसरी, ४० टक्के लोकांत आढळणाऱ्या गोष्टीचा ऑड्स रेशो काढून 'धोका दुप्पट' लिहिणं. तिथे ऑड्स रेशो फरक फुगवून दाखवतो, म्हणून प्रिव्हेलन्स रेशो (दोन गटांतल्या टक्केवारींचं गुणोत्तर) काढा.

'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आजपासून रोज अर्धा तास बसा. आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज कोर्स ठरायची वाट न बघता आत्ताच टाका. शिफारसपत्रांपैकी एक तुमच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं असू द्या, पण मजकुरात तुमच्या कामाचे आकडे यायला हवेत. ते आकडे तुम्हीच एका कागदावर लिहून त्यांना द्या.