पाचवीतल्या काही मुलांना दुसरीचा उताराही वाचता येत नाही. पाठ्यपुस्तक पुढे न्यावं की मागे यावं?

मागे यावं, पण फक्त ठरावीक तासापुरतं. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने रुजवलेली पद्धत अशी: प्रत्येक मुलाला एकेकट्याला बसवून वाचून घ्यायचं आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी ते कुठे अडतं ते बघायचं. मग इयत्ता विसरून त्या पातळीचे गट करायचे. तिसरी ते पाचवीची मुलं एका गटात आली तरी चालतं. गट कायमचे नकोत. मूल पुढे सरकलं की गट बदला, नाहीतर तोच शिक्का बसतो.

मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ (वस्तीतल्याच शिकवणाऱ्या तरुणी) नेमून मागे पडलेल्या मुलांना रोज वेगळं शिकवलं, तेव्हा गुण खरंच वाढल्याचं अर्थतज्ज्ञ बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या 2007च्या अभ्यासात दिसलं. खरी अडचण पुढे कळली. बिहारमध्ये हेच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात केलं तर जमलं, शाळा सुरू झाल्यावर मात्र अभ्यासक्रमाच्या रेट्यात बुडालं. हरियाणात रोजचा तास राखून ठेवला, वरून देखरेख ठेवली, तेव्हा भाषेत फरक पडला.

म्हणून आधी मुख्याध्यापकांकडून वेळापत्रकात तो तास पक्का करून घ्या. ‘पोर्शन’ची काळजी त्यांनाही असतेच म्हणा!