मानेचा बाक गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३४, पुण्यात घरून काम, सात महिने मान आणि उजवा खांदा भरून येतो, संध्याकाळी जास्त. एक्स-रेच्या रिपोर्टात ‘मानेचा नैसर्गिक बाक कमी’. पंधरा दिवस कॉलर झाली, दहा सिटिंग शेक आणि करंट झाले, आराम तेवढ्यापुरता. आता विचारताय की वीस सिटिंगचं पॅकेज घ्यावं का, पाठ ताठ धरणारा पट्टा मागवावा का, कुठली उशी चांगली, आणि तो बाक परत येईल का.

मी सांगलीत बावीस वर्षं फिजिओथेरपी करतेय. हात लावून तपासल्याशिवाय निदान होत नाही, त्यामुळे हे माझं मत आहे एवढंच धरा.

आधी बाकाचं बोलू, कारण दुखण्यापेक्षा तुम्ही त्यालाच जास्त घाबरलेल्या दिसताय. मानेचा एक्स-रे काढताना हनुवटी जराशी खाली गेली तरी फोटोत मान सरळ दिसते. स्नायू आखडलेले असले तरी दिसते. आणि आयुष्यात कधी मान न दुखलेल्या माणसांचे फोटो काढले तर त्यांच्यातही सरळ माना भरपूर सापडतात. कंबरेबाबत तर आकडेच आहेत. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. दुखणं मात्र शून्य. तेव्हा बाक ‘परत आणणं’ हे आपलं काम नाही. मान दुखायची थांबली की तुम्ही पुन्हा एक्स-रे काढायला जाणारही नाही.

आता ताठ बसण्याबद्दल. पहिली दहा वर्षं मीही येईल त्याला ‘पोक काढू नका’ म्हणत होते. भिंतीवर तो तक्ताही होता, एका माणसावर बरोबरची खूण, दुसऱ्यावर फुली. मोबाइलमध्ये मान घातली की मणक्यावर २७ किलो भार येतो, हे चित्र तुम्हालाही व्हॉट्सॲपवर आलंच असेल. तो आकडा २०१४ सालच्या एका कॉम्प्युटर मॉडेलमधून आला, डोकं ६० अंश वाकवलं तर काय होईल या गणितातून. भार वाढतो हे खरं, पण भार आला म्हणजे इजा झाली असं त्यात कुठेही सिद्ध होत नाही.

माझा तक्ता उतरवायला लावला तो एका मावशींनी. त्या खानावळींना भाकऱ्या पुरवतात, रोज दोनशेच्या आसपास. परातीत मान घालून मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायची, की पुन्हा मान खाली. अठरा वर्षं हेच, आणि मानेची कधी तक्रार नाही. मग टायफॉइड झाला, महिनाभर अंथरुणात गेला. उठल्या त्याच आठवड्यात लग्नाची तीनशे भाकऱ्यांची ऑर्डर घेतली आणि चौथ्या दिवशी मान कुठल्याच बाजूला फिरेना. परात तीच, बसणं तेच. अंगातलं बळ मात्र महिन्याभरात उतरलं होतं, आणि काम एकदम दीडपट झालं होतं. मी त्यांना वाकायचं बंद करायला सांगितलं नाही. साठ भाकऱ्यांपासून सुरुवात केली, बाकीच्या सुनेने थापल्या, दर आठवड्याला आकडा चढवला आणि जोडीला खांद्याचे व्यायाम दिले. सातव्या आठवड्यात त्या दोनशेवर होत्या.

हे सांगण्याचं कारण असं, की तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकलीत: सासूबाईंचं ऑपरेशन, तीन आठवडे रात्री हॉस्पिटलच्या खुर्चीत, दिवसा ऑफिसचं काम, आणि त्याच सुमारास संध्याकाळचं चालणं सुटलं. दुखणंही तिथूनच सुरू झालंय, तारखा पुन्हा ताडून बघा. अपुरी झोप, काळजी आणि थांबलेली हालचाल या तिन्हींमुळे दुखणं लवकर जाणवतं आणि मुक्काम लांबवतं. पलंगावर तक्क्याला टेकून लॅपटॉपवर काम तुम्ही त्याआधीही करत होतातच की!

मग करायचं काय? मानेला आणि खांद्याला पुन्हा कामाची सवय लावायची. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ ऑफिस कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला, २०११ साली प्रसिद्ध झाला. रबरी बँडचा एकच व्यायाम, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. एका गटाला रोज बारा मिनिटं, दुसऱ्याला फक्त दोन. दोन मिनिटंवाल्यांचंही दुखणं स्पष्ट कमी झालं. पेशंट बारा मिनिटांना कबूल होतात आणि चौथ्या दिवशी सोडतात, म्हणून मी हा प्रयोग सगळ्यांना सांगते.

कृती अशी. बँडचा मध्य पायाखाली दाबा, दोन्ही टोकं हातात. कोपर किंचित वाकलेलं ठेवून हात बाजूने वर न्या, खांद्याच्या उंचीपर्यंतच. वर जाताना खांदे कानाकडे चढू लागले की बँड जड आहे, हलका घ्या. उतरताना हात धपकन सोडू नका, तीन आकडे मोजत खाली. बारा-पंधरा वेळा झाल्यावर खांदे चांगले दमले पाहिजेत. करताना दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत गेलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ पातळीवर आलेलं हवं. नाही आलं तर व्यायाम सोडायचा नाही, फक्त कमी करायचा. पहिल्या आठवड्यात खांदे ठणकतील. ते जिमच्या पहिल्या आठवड्याचं ठणकणं आहे, इजा नव्हे. जोडीला दिवसातून दोन-तीनदा मान सगळ्या बाजूंना सावकाश फिरवा, आणि संध्याकाळचं चालणं पुन्हा सुरू करा.

पॅकेज घेऊ नका. इंटरफेरेन्शियलचं, म्हणजे तो करंट देण्याचं, मशीन माझ्याकडेही आहे, फार कळ असली तर एक-दोनदा लावते, पेशंटला बरं वाटतं, हालचाल करायला धीर येतो. पण वीस वेळा करंट घेतल्याने स्नायूला बळ येत नाही. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शक सूचनांत तर अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्स (हाही करंटचाच प्रकार), इंटरफेरेन्शियल, ट्रॅक्शन म्हणजे मणका ओढून धरणं, आणि पट्टे देऊच नका असं लिहिलंय. ज्या फिजिओने दहा सिटिंगमध्ये तुम्हाला एकदाही खांद्याचं बळ तपासून व्यायाम दिला नाही, त्याच्याकडे अकरावं कशाला? तेच पैसे देऊन असा कोणी शोधा जो तीन-चार भेटींत व्यायाम शिकवेल, चुका काढेल आणि महिन्याने पुन्हा बोलवेल.

पट्ट्याचंही तेच. घातला तर दोन तास ताठ दिसाल आणि खांद्यांचं काम पट्टा करेल. कॉलर कपाटात ठेवा.

लॅपटॉपखाली पोळ्यांचा मोठा डबा पालथा ठेवा आणि वेगळा कीबोर्ड-माऊस घ्या, एवढा खर्च मात्र करा. बाकी वाटेल तसं बसा, फक्त एकाच तऱ्हेने तासन् तास नको. फोन आला की उभं राहून बोला.

काही लक्षणं दिसली तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा: हातातली पकड कमी होणं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, वजन उतरणं, रात्री पडल्या पडल्या वाढणारं दुखणं (आपल्याकडे मणक्याचा क्षय आजही दिसतो). छातीत दडपण येऊन हात किंवा जबडा दुखला तर मानेचा विचारच करू नका, सरळ इमर्जन्सी. आणि सलूनमध्ये चंपी झाल्यावर मानेला ‘कट्’ आवाज काढून देतात, तो झटका घेऊ नका. मानेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तराला त्याने चीर पडल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

राहिली उशी. चार हजारांची मेमरी फोम नको. कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांच्यातलं अंतर भरून निघेल एवढी जाड, पाठीवर झोपत असाल तर त्याहून पातळ. घरातल्या जुन्या उशीत चादरीची घडी घालून आठवडाभर उंची कमीजास्त करून बघा, ज्या उंचीवर सकाळी मान मोकळी वाटेल तेवढीच घ्या.